काचेपलीकडचे सांभाळले, काचेअलीकडच्याचे काय?

आमच्या समाजाने आपल्या महापुरुषांच्या स्मृती जपण्यासाठी फार मोठे काम केले, हे आमचे विरोधकही नाकारू शकत नाहीत. नागपूरच्या दीक्षाभूमीवर भव्य स्तूप उभा राहिला आणि १८ डिसेंबर २००१ रोजी तत्कालीन राष्ट्रपती के. आर. नारायणन यांच्या हस्ते त्याचे लोकार्पण झाले. कामठीत जपानच्या ओगावा सोसायटीच्या मॅडम नोरिको ओगावा यांच्या दानातून आणि अॅड. सुलेखाताई कुंभारे यांच्या पुढाकारातून १९९९ मध्ये ड्रॅगन पॅलेस टेम्पल उभे झाले. १९५६ च्या धम्मदीक्षा सोहळ्याची जबाबदारी ज्यांनी खांद्यावर घेतली त्या वामनराव गोडबोले यांनी चिचोलीच्या शांतिवनात बाबासाहेबांच्या वापरातील वस्तू आणून सांभाळल्या. त्या वस्तू बाबासाहेबांचे विश्वासू सहकारी नानकचंद रत्तू यांनी त्यांच्या हाती सोपविल्या होत्या. बाबासाहेबांचे कपडे, त्यांची हॅट, त्यांचे टंकयंत्र आज लोकांना पाहायला मिळते ते या दोघांमुळे.

हे सगळे काचेच्या पलीकडचे झाले. आम्हाला आज बोलायचे आहे ते काचेच्या अलीकडे उभ्या असणाऱ्या माणसाबद्दल. तो आहे संग्रहालयात, स्मारकात, लेणीत आलेल्या माणसाला हिंडवून माहिती सांगणारा गाईड. वस्तू सांभाळायला काच लागते, कुलूप लागते, औषध फवारावे लागते, हे आम्हाला कळते. पण त्या वस्तूचा अर्थ सांगणाऱ्या माणसालाही सांभाळावे लागते, हे आम्हाला अजून कळलेले नाही.

नागपूर-कामठीच्या पट्ट्यात आणि राज्यात इतरत्रही असे काम करणाऱ्या तरुण मुलामुलींशी आम्ही वेळोवेळी बोललो आहोत. कोणत्याही एका संस्थेकडे बोट दाखविण्यासाठी आम्ही हे लिहीत नाही. सरकारी संग्रहालय असो, ट्रस्टचे असो की समाजाच्या वर्गणीतून उभे राहिलेले असो, चित्र थोड्याफार फरकाने सारखेच आहे. या मुलांचा दिवस गाईड म्हणून सुरूच होत नाही. सकाळी कुलूप काढायचे, झाडू मारायचा, काचांवरचे कालचे बोटांचे डाग पुसायचे, नोंदवही टेबलावर मांडायची. मग पहिला जत्था येतो. जिल्हा परिषदेच्या शाळेची सहल असेल तर साठ-सत्तर मुले एकदम आत शिरतात आणि गुरुजी घड्याळ दाखवून म्हणतात, "दहा मिनिटांत आटपा, अजून दोन ठिकाणं व्हायची आहेत." दहा मिनिटांत बाबासाहेब सांगायचे! ‘चपला बाहेर काढा’, ‘काचेला हात लावू नका’, ‘फ्लॅश मारू नका’ हेच सांगण्यात अर्धा वेळ जातो. एक जत्था बाहेर पडला की दुसरा दारात उभा असतो आणि तीच गोष्ट पुन्हा पहिल्यापासून सांगायची असते. संध्याकाळपर्यंत घसा बसतो आणि पायाला गोळे येतात. बसायला स्टूल असते तेही बहुधा तिकीट फाडणाऱ्याला.

ऑक्टोबरमध्ये धम्मचक्र प्रवर्तन दिनाला आणि एप्रिलमध्ये जयंतीला श्वास घ्यायला फुरसत नसते. त्यानंतर मे महिना येतो. नागपूर-कामठीचे ऊन आम्ही वेगळे काय सांगावे! त्या उन्हात कोणी फिरकत नाही. फेरी नाही तर पैसा नाही. कारण यातल्या बहुतेकांना महिन्याचा पगार नसतोच. कुठे फेरीमागे काही रुपये, कुठे ‘मानधन’ नावाची रक्कम, कुठे नुसता चहा आणि जाताना एखाद्या भल्या माणसाने हातात ठेवलेली दहा-वीसची नोट. मुलगा इतिहासात एम. ए. झालेला असतो, मुलीने पाली घेऊन पदवी मिळविलेली असते. घरी विचारतात, "दिवसभर बोलून आलास, आणलंस काय?" या प्रश्नाला त्याच्याजवळ उत्तर नसते.

आम्ही हा विषय जिथे जिथे काढला तिथे तिथे एकच उत्तर मिळाले. "ही समाजाची सेवा आहे, बाबासाहेबांचे काम आहे, त्याला पगार कसला?" हे उत्तर ऐकायला फार गोड वाटते. पण आमच्या समाजाने हे उत्तर पूर्वी ऐकलेले आहे. मानाच्या नावावर फुकट राबवून घेण्याच्या प्रथेला या देशात वतन म्हणत असत. गावाचा सांगावा पोचवायचा, सरकारचा माल वाहायचा, रात्री-अपरात्री धावायचे आणि मोबदल्यात मिळायची पोट न भरणारी जमीन, उरलेसुरले धान्य आणि ‘वतनदार’ असल्याचा मान! बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात महार वतनाच्या प्रश्नावर विधेयक आणले ते याच फसव्या मानाच्या विरोधात. कामाला दाम आणि दाम नसेल तर काम नाही, हा साधा हिशेब त्यांनी समाजाला शिकविला. मग त्याच बाबासाहेबांच्या वस्तूंपुढे, त्यांच्याच नावाने, त्यांच्याच लेकरांना बिनपगारी उभे करायचे, हा कुठला न्याय? मनुवाद्यांनी राबविले तर ते शोषण आणि आम्ही राबविले तर ती सेवा, असा दुहेरी हिशेब आंबेडकरी चळवळीला शोभणारा नाही.

आणखी एक गोष्ट लक्षात घ्या. सेवा कोण करू शकतो? ज्याच्या घरी पेन्शन येते, ज्याचे पोट भरलेले आहे तो. शेतमजुराचा मुलगा, धुणीभांडी करणाऱ्या बाईची मुलगी सेवा करून जगू शकत नाही. त्यांची इच्छा कमी पडते असे नाही, त्यांचे पोट आड येते. म्हणजे बिनपगारी सेवेचा आग्रह धरला की इतिहास सांगण्याचे काम आपोआप भरल्या पोटाच्या माणसांकडे जाते. ज्यांच्या आजीने कामठीच्या मोहल्ल्यात विड्या वळल्या त्यांच्या तोंडून तो इतिहास यायचाच नाही.

विडीचा विषय निघालाच आहे तर कामठीचे बोलू. इंग्रजांनी १८२१ मध्ये वसविलेली ही छावणी. कामठी म्हटले की लोकांना आज आधी ड्रॅगन पॅलेस आठवते आणि ते स्वाभाविकही आहे. पण साऱ्या देशात, परदेशातही आमचा माणूस आमच्या माणसाला भेटला की ज्या दोन शब्दांनी हाक देतो तो ‘जयभीम’ या कामठीच्या मातीतला आहे. बाबू हरदास लक्ष्मणराव नगराळे, म्हणजेच बाबू हरदास एल. एन., हे या घोषाचे जनक. ६ जानेवारी १९०४ रोजी त्यांचा जन्म झाला. विडी मजुरांना त्यांनी संघटित केले. गोलमेज परिषदेच्या काळात अस्पृश्यांचे खरे नेते डॉ. आंबेडकरच आहेत असे ठणकावून सांगणाऱ्या तारा त्यांनी ब्रिटिश पंतप्रधानांकडे पाठविल्या. १९३७ च्या निवडणुकीत स्वतंत्र मजूर पक्षाच्या तिकिटावर ते नागपूर-कामठीतून मध्यप्रांताच्या विधिमंडळात निवडून गेले आणि १२ जानेवारी १९३९ रोजी, वयाची अवघी पस्तीस वर्षे पूर्ण करून, क्षयाने गेले. कन्हान नदीकाठी त्यांची समाधी आहे. पुढे दादासाहेब कुंभारे यांनी याच कामठीत विडी कामगारांच्या लढ्याला ताकद दिली.

आता प्रश्न असा की दरवर्षी लाखो धम्मबांधव दीक्षाभूमीवर येतात, त्यातले कितीतरी पुढे पंधराएक किलोमीटरवर कामठीला येतात, चंदनाच्या बुद्धमूर्तीपुढे नतमस्तक होतात, फोटो काढतात आणि परत जातात. यातल्या किती जणांना कन्हानच्या काठाकडे बोट दाखवून कोणी सांगितले, की ज्या शब्दाने तुम्ही आताच एकमेकांना नमस्कार केला तो शब्द देणारा माणूस इथे विसावला आहे? दगडी पाटी ते सांगू शकत नाही. पाटी वाचायला थांबतो कोण? ते सांगायला माणूसच लागतो आणि तो माणूस रोज, बारा महिने तिथे असावा लागतो. बारा महिने असायचे म्हणजे त्याच्या घरची चूल बारा महिने पेटली पाहिजे.

विडीचा धंदा ज्यांनी पाहिला आहे त्यांना गाईडचे दुखणे चटकन कळेल. विडी कामगाराला मजुरी हजार विड्यांमागे. पान भिजवा, कापा, तंबाखू भरा, वळा, दोरा बांधा आणि संध्याकाळी कारखानदाराचा माणूस ‘छाट’ म्हणून मूठभर विड्या बाजूला काढणार, त्याचे पैसे नाहीत. दिवसभराच्या बैठकीचा, दुखणाऱ्या पाठीचा, छातीत गेलेल्या तंबाखूचा हिशेब कुठेच नाही. गाईडचेही तसेच आहे. मजुरी फेरीमागे. वाट पाहत उभे राहिलेल्या तासांचा हिशेब नाही, रात्री जागून वाचलेल्या पुस्तकाचा हिशेब नाही, बसलेल्या घशाचा तर नाहीच. पाहुणा नाराज झाला की ती फेरी छाटीत गेली. बोलणे हीसुद्धा मेहनत आहे. बाबू हरदास आज असते तर त्यांनी या पोरांचीही संघटना बांधली असती, याबद्दल आम्हाला शंका नाही.

बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात १९४२ ते १९४६ या काळात मजूरमंत्री होते. किमान वेतनाचे विधेयक १९४६ मध्ये त्यांनीच केंद्रीय कायदेमंडळात मांडले आणि १९४८ मध्ये त्याचा कायदा झाला. ज्या माणसाने या देशातल्या मजुराला किमान वेतनाचा हक्क मिळवून देण्यासाठी कागद हाती घेतला त्याच्याच वस्तूंकडे बोट दाखवून माहिती सांगणारा पोरगा किमान वेतनाखाली काम करतो, यापेक्षा मोठी विसंगती कोणती? संग्रहालयात ही विसंगती कुठल्या काचेखाली ठेवायची, हे विश्वस्तांनी आणि अधिकाऱ्यांनीच आम्हाला सांगावे.

काही सुशिक्षित मंडळी म्हणतील, आता मोबाइल आला, वस्तूशेजारच्या खुणेचा फोटो घेतला की कानात माहिती ऐकू येते, मग माणूस कशाला? त्यांना आमचे सांगणे आहे, की यंत्र बोलते, पण ऐकत नाही. खेड्यातून आलेली एखादी आजी काचेपुढे हात जोडून उभी राहते आणि विचारते, "बाबू, हा कोट खरंच बाबासायबानं घातला होता का गा?" तिला कोटाच्या कापडाची माहिती नको असते. तिला खात्री हवी असते, की साहेब आपल्यासारखेच हाडामांसाचे होते, त्यांनाही थंडी वाजत होती. तिला ‘होय माय’ म्हणणारा माणूस लागतो. तोच माणूस पुढच्या क्षणी कॉलेजच्या मुलाच्या प्रश्नाला तोंड देतो. राज्यघटनेची मूळ प्रत तर प्रेम बिहारी नारायण रायजादा यांनी हाताने लिहिली, मग हे टंकयंत्र कशाला दाखवता, असे एखादा चतुर मुलगा विचारतोच. त्याला शांतपणे समजावून सांगावे लागते, की सुबक अक्षरातली ती प्रत म्हणजे शेवटची प्रत. त्याआधी मसुदे झाले, दुरुस्त्या झाल्या, ते काम टंकयंत्रावरचे होते. ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ या ग्रंथाचे टंकलेखन नानकचंद रत्तू यांनी केले, हेही त्याच वेळी सांगता येते. असा एक प्रश्न नीट सोडविला की तो मुलगा संग्रहालयातून विरोधक म्हणून नव्हे, वाचक म्हणून बाहेर पडतो.

पण हे तेव्हाच शक्य आहे जेव्हा गाईडला नीट तयार केलेले असेल. ही दुसरी बाजू आम्ही लपविणार नाही. आज बरेच ठिकाणी गाईड ऐकीव गोष्टी सांगतो, कारण त्याला कोणी काही शिकविलेलेच नसते. इंग्रजांच्या ‘कॅम्प-टी’वरून कामठी झाले, असे सर्रास सांगतात. सांगायला हरकत नाही, पण ‘असे सांगतात’ म्हणून सांगावे. ‘सांगतात’ आणि ‘सापडले’ या दोन शब्दांतला फरक ज्याला कळला तोच खरा गाईड. पवनीला १९६९-७० मध्ये उत्खनन झाले आणि स्तूपांचे अवशेष निघाले, हे ‘सापडले’ या खात्यातले. कामठी-कन्हानवरून पुढे जाणारा रस्ता मनसरला जातो. तिथे भदन्त आर्य नागार्जुन सुरेई ससाई यांच्या संस्थेने १९९८ पासून जगतपती जोशी आणि ए. के. शर्मा या पुरातत्त्वज्ञांच्या देखरेखीखाली उत्खनन करविले. त्या अवशेषांचे नाते काही अभ्यासक बौद्ध परंपरेशी आणि नागार्जुनाशी जोडतात, तर काही अभ्यासक ते वाकाटक राजा प्रवरसेन दुसरा याच्याशी आणि त्याच्या देवालयाशी जोडतात. आमचा माणूस तिथे जातो तेव्हा गाईडच्या तोंडून ‘हे आपलेच’ एवढेच ऐकायला उत्सुक असतो. आमचे मत असे आहे, की गाईडने दोन्ही बाजूंचे पुरावे सांगावेत. तथागतांनी कालामांना ऐकीव गोष्टीवर, परंपरेवर विसंबू नका असे सांगितले, ते काय फक्त दुसऱ्यांच्या परंपरेबद्दल होते? जो इतिहास खरा आहे त्याला तपासणीची भीती नसते. पुराव्यानिशी बोलणारा एक गाईड दहा घोषणांचे काम करतो.

सरकारी संग्रहालयांत वेगळीच तऱ्हा असते. नागपूरचे मध्यवर्ती संग्रहालय १८६३ मधले, लोक त्याला ‘अजब बंगला’ म्हणतात. देशातल्या बहुतेक जुन्या संग्रहालयांकडे लोक असेच अजब वस्तूंचे घर म्हणून पाहतात. तलवारी, पेंढा भरलेले वाघ आणि त्यातच कुठेतरी बुद्ध. बुद्धमूर्तीचा काळ सांगितला जातो, दगड सांगितला जातो, शैली सांगितली जाते. त्या मूर्तीने माणसाला काय सांगितले, ते मात्र सांगितले जात नाही. एखादा आमचा मुलगा धीर करून ते सांगू लागला की ऐकणारा सभ्य गृहस्थ हसून विचारतो, "आडनाव काय तुमचं?" या प्रश्नाचा अर्थ महाराष्ट्रात ज्याला कळत नाही असा कोणी नसेल. माहिती तीच, पुरावा तोच, पण आडनाव कळले की इतिहासाचा ‘प्रचार’ होतो! हा अपमान गिळून पुढच्या दालनाकडे हात करणे, हेही त्या मुलाच्या रोजच्या कामातच मोडते. त्याच्याजवळ नेमणुकीचे पत्र असेल, ओळखपत्र असेल, प्रशिक्षणाचा दाखला असेल तर तो ताठ मानेने उत्तर देतो. नसेल तर तो मान खाली घालतो.

कायद्यानेही हे काम जबाबदारीचे मानले आहे. केंद्राच्या संरक्षित स्मारकांसाठी १९५९ मध्ये जे नियम झाले त्यांत पैसे घेऊन पाहुण्यांना हिंडविण्यासाठी परवान्याची अट घातली गेली. म्हणजे परवाना हवा, हे सरकारला सुचले. पगार हवा, हे सुचले नाही.

जग याबाबतीत पुढे गेले आहे. दक्षिण आफ्रिकेत ज्या रॉबेन बेटावर नेल्सन मंडेला यांनी आपल्या तुरुंगवासातील अठरा वर्षे काढली तिथे १९९७ मध्ये संग्रहालय सुरू झाले, तेव्हा तिथे कैद भोगलेल्या माजी राजकीय कैद्यांनाच गाईड म्हणून कामावर घेतले गेले. ज्याने कोठडीत दिवस काढले तोच कोठडीचे दार उघडून पाहुण्याला आत नेतो. तिथल्या लोकांनी ओळखले, की दुःख भोगलेल्याचा शब्द ही संग्रहालयातली सर्वांत मोठी ठेव आहे आणि ती फुकट मागायची नसते. कामठीत विड्या वळून बोटे झिजविलेल्या वृद्ध माताभगिनी आजही आहेत. उद्या त्या नसतील.

म्हणूनच आमचे म्हणणे स्पष्ट आहे. पहिले, जिथे दानपेटी आहे, तिकीट आहे किंवा सरकारी अनुदान आहे तिथे गाईडला नेमणुकीचे पत्र आणि किमान वेतनापेक्षा कमी नाही असा महिन्याचा पगार मिळालाच पाहिजे. संगमरवराची एक फरशी कमी बसवा, पण सांगणारा एक माणूस जास्त ठेवा. दुसरे, राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठात आंबेडकर विचारधारा विभाग आहे, पाली-प्राकृत विभाग आहे, प्राचीन भारतीय इतिहास व पुरातत्त्व विभाग आहे. या तिन्ही विभागांनी मिळून गाईडसाठी छोटा, कामाचा अभ्यासक्रम चालवावा आणि सामाजिक न्याय विभागाने त्याचा खर्च उचलावा. तिसरे, कामठीला येणाऱ्या पाहुण्यासाठी ड्रॅगन पॅलेस, बाबू हरदासांची समाधी आणि विडी कामगारांचा मोहल्ला अशी एक फेरी आखावी आणि ती कामठीच्याच मुलामुलींनी, विडी कामगारांच्या नातवंडांनी चालवावी. चौथे, मुलींना या कामात निम्मी जागा असावी. आणि पाचवे, गाईडला बसायला खुर्ची, प्यायला पाणी आणि आठवड्याची सुट्टी मिळावी. ही पाचवी मागणी वाचून कोणाला हसू येईल. विडी मजुरांच्या मागण्या ऐकूनही कारखानदार हसले होते.

समाजबांधवांनाही आमची विनंती आहे. पुढच्या वेळी कुठल्याही स्मारकात, संग्रहालयात, लेणीत जाल तेव्हा घाई करू नका. गाईड बोलत असताना मोबाइल खिशात ठेवा. त्याला प्रश्न विचारा, चुकला तर नम्रपणे सांगा. निघताना दानपेटीत पैसे टाकलेत तर दारातल्या विश्वस्ताला एवढेच विचारा, "दादा, या मुलाला महिन्याला किती देता?" हा प्रश्न रोज शंभर जणांनी विचारला तर वर्षभरात उत्तर बदलल्याशिवाय राहणार नाही. बाबासाहेबांचे टंकयंत्र आम्ही जिवापाड जपले. आता त्या टंकयंत्राबद्दल बोलणाऱ्या जिवालाही जपू या.

जयभीम!